घरून काम करताना वेळखाऊ पदार्थ जमतात का?

जमतात, पण पदार्थाला वेळ लागतो की तुमचा हात लागतो, ते आधी बघा.

आमच्याकडे मालवणात काळ्या वाटाण्याचं सांबारं बहुतेक बुधवारी होतं, कारण त्या दिवशी मीटिंगा जास्त. वाटाणे आदल्या रात्री भिजत घालायचे, आठ-दहा तास तरी. सकाळी लॉगिन करण्याआधी कुकरला लावले की सहा-सात शिट्ट्या, मग बारीक गॅसवर वीस मिनिटं. शिट्ट्या होताना माईक बंद ठेवा, माझ्या साहेबांनी एकदा विचारलं होतं, "गाडी स्टेशनात आली काय?" कोकमं मात्र वाटाणे पुरते शिजल्यावरच टाका. आंबटात कडधान्य मऊ होत नाही, मग कितीही शिट्ट्या काढा.

खरी अडचण वाटपाची, म्हणजे भाजून वाटलेल्या कांदा-खोबऱ्याची. कांदा-खोबरं भाजताना "जरा एक मेल बघून येतो" केलंत की खोबरं करपतं, आणि तो कडवटपणा शेवटपर्यंत जात नाही. म्हणून वाटप रविवारीच भाजून, वाटून फ्रीजरमध्ये टाका. पावसाळ्यात मिक्सर आयत्या वेळी चालेल याची खात्री नसते, इकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही.

आंबोळीचं पीठ रात्री आंबायला ठेवलं की ते आपलं आपण फुगतं. आंब्याचा रस आटवायचा असेल तर सरळ सुट्टीच्या दिवशी आटवा. तो सतत ढवळावा लागतो, आणि तापला की हातावर उडतो. कॉलवर असताना ते करूच नका.