महागाई उतरली, मग आपला खर्च का वाढला?

ठाणे

प्रिय,
सस्नेह आशीर्वाद.

डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, एसक्यूएल, जमायला लागली, पॉवर बीआय या सॉफ्टवेअरमध्ये आकड्यांचे डॅशबोर्डही करतेस, तरी मुलाखतीत महागाई दर आणि रेपो रेट विचारतात. त्याचा बिझनेस अ‍ॅनालिस्टच्या कामाशी संबंध काय, असं तू विचारलंस. नुसता दर पाठ असण्याशी फारसा नाही, तो फोनवर लगेच सापडतो. संबंध आहे तो पुढच्या प्रश्नाशी: कंपनीच्या विक्रीत किंवा खर्चात जो फरक दिसतोय, त्यात आपल्या माणसांचा हात किती आणि बाहेरच्या परिस्थितीचा किती? हे वेगळं काढता आलं नाही, तर अ‍ॅनालिस्ट देखणे आलेख काढतो आणि भलत्याच माणसाला बोलणी बसतात.

समज, तुर्भ्याच्या एमआयडीसीत फरसाणाचा एक कारखाना आहे आणि तू तिथे रुजू झालीस. महिना धर ऑगस्ट २०२५. बारा तारखेला जुलैचा किरकोळ महागाई दर, म्हणजे ग्राहक किंमत निर्देशांकात वर्षभरात झालेली वाढ, आला: १.५५ टक्के, आठ वर्षांतला नीचांक. मालक बातमी वाचतात आणि खरेदी विभागाला विचारतात, "महागाई एवढी उतरली, मग आपला कच्च्या मालाचा खर्च का चढला?" प्रश्न रास्त आहे. खरेदीवाल्यावर संशय यायलाही वेळ लागत नाही.

आता तोच आकडा उघडून बघ. त्या जुलैत भाजीपाला आदल्या वर्षीपेक्षा वीस टक्क्यांहून जास्त स्वस्त होता, डाळी जवळपास चौदा टक्क्यांनी उतरलेल्या होत्या, आणि तेल-तूप गटाचा महागाई दर होता १९ टक्क्यांच्या आसपास. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या एका अंगाला एपीएमसीच्या घाऊक बाजारात भाजीचे भाव पडलेले आणि दुसऱ्या अंगाला कढईतलं तेल महागलेलं, अशी ती स्थिती. १.५५ ही या सगळ्याची सरासरी. फरसाणवाला काही भाजी तळत नाही.

तेल का महागलं, हेही शोधायचं. आपण निम्म्याहून जास्त खाद्यतेल आयात करतो. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं एकूण आयात शुल्क ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्क्यांवर नेलं. जागतिक बाजारात तेल चढलेलं होतंच. मे २०२५ च्या अखेरीस हे शुल्क १६.५ टक्क्यांवर आणलं, पण ते तेल बंदरात उतरून, रिफाइन होऊन, डब्यात भरून कढईपर्यंत यायला वेळ जातो. आपल्या कारखान्यात हा वेळ किती आठवड्यांचा आहे, हे कुठल्याही सरकारी पत्रकात लिहिलेलं नसतं. ते जुन्या खरेदी बिलांवरून तुलाच काढावं लागेल, आणि ते काढशील तेव्हा मालक तुझं बोलणं कान देऊन ऐकतील.

एवढ्यावर खरेदी विभागाला मोकळं सोडू नकोस. डाळी उतरल्या, त्याचा फायदा बेसनाच्या दरात मिळाला का? इथे जपून. डाळींच्या सरासरीत तूर, मूग, उडीद, हरभरा सगळं येतं. तुला हरभऱ्याचा भाव वेगळा हवा. तो आणि आपल्या बिलावरचा बेसनाचा दर शेजारी शेजारी मांड. काही विचारायचं असेल तर ते त्यातून दिसेल.

विक्रीकडे वळलं की हीच गोष्ट उलट्या बाजूने येते. विक्री रुपयांत दहा टक्के वाढली आणि आपले भाव सात टक्के वाढलेले असले, तर खरी वाढ तीन टक्क्यांहूनही कमी. त्यात दहा रुपयांच्या पाकिटाची किंमत कोणी बदलत नाही, आतलं वजन कमी करतात. मग पाकिटांची संख्या तेवढीच, रुपये तेवढेच, डॅशबोर्डवर सगळं शांत, आणि किलोंत माल कमी खपतोय. म्हणून खाण्यापिण्याच्या कुठल्याही धंद्यात किलोचा रकाना आधी माग. बरेचदा तो विक्रीच्या फाइलमध्ये नसतो, गोदामाच्या माणसाकडे असतो. त्याच्याशी ओळख ठेव.

मागच्या वर्षाशी तुलना करतानाही डोळे उघडे हवेत. एप्रिल २०२१ मध्ये औद्योगिक उत्पादन निर्देशांक, म्हणजे देशातल्या कारखान्यांचं, खाणींचं आणि विजेचं उत्पादन मोजणारा आकडा, वर्षभरात तब्बल १३४ टक्के वाढलेला दिसला. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीने तो ५४ वर आपटला होता, तो १२६.६ वर आला, इतकंच. म्हणजे साधारण २०१९ च्या जागी परत. फरसाणात हा खेळ दिवाळी करते. २०२३ ची दिवाळी १२ नोव्हेंबरला होती, २०२४ ची ऑक्टोबरच्या शेवटी आणि १ नोव्हेंबरला. मग २०२४ चा ऑक्टोबर आदल्या ऑक्टोबरपेक्षा झकास दिसणार आणि नोव्हेंबर पडलेला. दोन्ही महिने एकत्र घेऊनच बोलायचं. हे न बघता नोव्हेंबरच्या आकड्यावरून सेल्सच्या पोरांचा इन्सेंटिव्ह कापणं मला अन्याय वाटतो, आणि तो अन्याय थांबवणं अ‍ॅनालिस्टच्या हातात असतं.

रेपो रेटबद्दल थोडक्यात. रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते, तो हा दर. तो फेब्रुवारी २०२५ मध्ये ६.५० वरून ६.२५ झाला आणि त्या डिसेंबरपर्यंत ५.२५ वर आला. गृहकर्जाचा हप्ता त्याने हलतो. पण घोडबंदर रोडवर मॉड्युलर किचन विकणाऱ्याचा धंदा दर कपातीच्या महिन्यात वाढत नाही. आज बुक झालेल्या फ्लॅटचा ताबा काही वर्षांनी मिळतो, ओटा त्यानंतर बसतो. त्याच्यासाठी यंदा कोणत्या इमारतींचा ताबा मिळतोय ही यादी रेपोपेक्षा जास्त कामाची.

एक सवय आत्ताच लाव. कुठलाही आकडा शीटमध्ये घेतलास की तो कोणत्या तारखेला घेतला, तेही शेजारी लिही. पहिल्यांदा येणारे आकडे बहुतेकदा तात्पुरते असतात, पुढे सुधारले जातात. सहा महिन्यांनी कोणी म्हणालं की तुझा आकडा जुळत नाही, तर ती तारीख तुझ्या बाजूने उभी राहील. निर्देशांकाचं पायाभूत वर्ष, म्हणजे ज्या वर्षाला १०० धरून तो मोजतात ते वर्ष, बदललं, तर जुनी आणि नवी मालिका सरळ एकाखाली एक चिकटवू नकोस.

नोकरी लागेपर्यंत थांबायची गरज नाही. जांभळी नाक्यावरचं एक किराणा दुकान धर. तेल, तूरडाळ, हरभराडाळ, साखर आणि पोहे यांचे भाव दर शनिवारी लिही. तेलाचं पाकीट पूर्ण लिटरचं आहे की कमी वजनाचं, हेही बघ. दर महिन्याच्या बारा तारखेच्या सुमारास ग्राहक किंमत निर्देशांक आला की त्या त्या गटाचा आकडा शेजारी लाव. जिथे तुझा भाव आणि सरकारी आकडा वेगळ्या दिशेला जातील, तिथे दुकानदाराला कारण विचार आणि त्याच्याच शब्दांत लिहून ठेव. तीन महिन्यांची शीट झाली की मला पाठव. सूत्रं तशीच राहू दे, मला ती तपासायची आहेत.

तुझी
मावशी