वरचा ट्रॅक टाकताय? आधी चढाचं गणित करा

तुमचा मॉडेल रेल्वेचा लेआउट, म्हणजे रुळांची मांडणी, सहा बाय चार फुटांचा आहे ना, आणि त्यावर दुसरा ट्रॅक उंचावर न्यायचाय, मग पिलर विकत घ्यायच्या आधी टेप घेऊन बसा. एचओ मध्ये (म्हणजे 1:87 मापाच्या मॉडेल गाड्यांत) खालच्या रुळापासून वरच्या पुलाच्या तळापर्यंत साधारण 75 मिमी मोकळी जागा लागतेच, त्यात प्लायची जाडी धरली की झाले 90, आणि 3 टक्के चढाने तेवढं वर जायला 3 मीटर म्हणजे दहा फूट ट्रॅक लागतो, उतरायला परत दहा. तुमच्या अख्ख्या लूपमध्ये ते बसत नाही हो!

आपल्या बोरघाटात चढ 1:37 आहे, म्हणजे 2.7 टक्के, आणि तिथे खऱ्या गाड्यांनाही कर्जतला मागून बँकर, म्हणजे ढकलायला जादा इंजिनं, लावतात. छोट्या इंजिनाला 5 टक्के चढवायला लावलंत तर चाकं जागीच फिरणार, त्यात कर्व्ह असला की अजूनच ओढ लागते.

म्हणून माझं स्पष्ट मत, पहिल्यांदा वरचा लूप वेगळाच ठेवा, पूर्ण सपाट, खालच्याला न जोडता, दोन गाड्या सुटसुटीत पळतील आणि बघायला खूप छान वाटतं. पिलर प्लायचे करा, थर्माकोल दाबला जातो आणि मग सांध्यात डबे घसरतात, माझे घसरलेत. कडेला पट्टी लावाच, वरून पडलेलं इंजिन बघवत नाही. आणि एकदा पुण्यात कोथरूडच्या जोशी मिनिएचर रेल्वे म्युझियममध्ये जाऊन या, तिथला लेआउट निवांत बघा.