भाषण राष्ट्रपतींचं, पण लिहिलं कोणी?

प्रश्न: मी सोलापुरात सातवीला शिकवते. वक्तृत्व स्पर्धेसाठी मुलांना पाठ करायला म्हणून गाजलेल्या भाषणांची छोटी पुस्तिका काढायचीय, तर साखर पेठेतले प्रेसवाले म्हणाले, मॅडम राष्ट्रपतींची भाषणं छापायला परवानगी लागेल. खरंच लागते का? आणि ही भाषणं ते स्वतःच लिहितात का? (एक शिक्षिका, सोलापूर)

उत्तर: मॅडम, प्रेसवाल्यांचं अर्धं बरोबर आहे. पण आधी लिहिणाऱ्यांचं सांगते, कारण त्यांची आठवण कोणी काढत नाही.

आपले राष्ट्रपती वर्षाच्या पहिल्या अधिवेशनात संसदेसमोर जे अभिभाषण वाचतात ते सरकारनं तयार करून दिलेलं असतं, म्हणून तर त्यात 'माझं सरकार' असं येतं. अमेरिकेत तर व्हाइट हाउसमध्ये पगारी भाषणलेखकच असतात. 28 जानेवारी 1986 ला चॅलेंजर अवकाशयान फुटून सात जण गेले, त्यात क्रिस्टा मॅकऑलिफ या शाळेतल्या बाई होत्या, त्यामुळे कितीतरी वर्गांत पोरं टीव्हीसमोर बसलेली, आणि त्याच संध्याकाळी राष्ट्राध्यक्ष रेगन बोलले, मधेच थेट त्या पोरांशीच बोलले. ते भाषण काही तासांत लिहिलं पेगी नूनन यांनी. शेवटच्या ओळी त्यांच्याही नाहीत, जॉन मॅगी नावाच्या वैमानिक पोराच्या कवितेतल्या आहेत, तो वयाच्या 19 व्या वर्षीच गेला.

हे भाषण घ्याच. अमेरिकेच्या केंद्र सरकारी नोकरांनी कामाचा भाग म्हणून लिहिलेल्यावर तिथल्या कायद्यानं कॉपीराइट नसतो. निवडणूक प्रचारातली भाषणं मात्र यात येत नाहीत. आणि मराठी अनुवाद तुम्हीच करा हं, दुसऱ्याचा उचललात तर त्यावर त्याचा हक्क असतो.

आपल्याकडे 1957 च्या कॉपीराइट कायद्यात जाहीर भाषणाचा हक्क सहसा ते करणाऱ्याचा, दुसऱ्याच्या वतीनं केलं असेल तर त्या दुसऱ्याचा, आणि सरकारी लेखन असेल तर सरकारचा, तोही प्रकाशनानंतर 60 वर्षं. त्यामुळे अलीकडच्या राष्ट्रपतींचं अख्खं भाषण छापायचं तर परवानगी मागा. पहिले राष्ट्रपती राजेंद्रबाबू यांचं संविधान सभेतलं 26 नोव्हेंबर 1949 चं समारोपाचं भाषण मात्र बिनधास्त घ्या, ते 1963 मध्ये गेले, म्हणजे प्रकाशनापासून मोजा की मृत्यूपासून, मुदत संपलीय. मोठं आहे, पण त्यातला एखादा परिच्छेद घरी तेलुगू बोलणाऱ्या तुमच्या वर्गातल्या पोरीसुद्धा मराठीत झकास म्हणतील.

एक मात्र आग्रहानं सांगते, रेगन यांच्या भाषणाखाली बारीक टाइपात का होईना 'लेखन: पेगी नूनन' छापाच, आणि पानात जागा नाही म्हणून प्रेसवाल्यांना ती ओळ काढू देऊ नका.