देणगी चषकाला की साहित्याला?

प्रश्न : इंदूरच्या रामबागेतील आमचे एक व्यापारी काका मुलांच्या बेसबॉल संघाला मदत करू इच्छितात. त्यांनी मोठा चषक द्यावा की आणखी काही?

उत्तर : चषक अवश्य द्यावा, पण सर्वांत शेवटी. अमेरिकेतील विल्यम्सपोर्ट येथे कार्ल स्टॉट्झ यांनी 1939 मध्ये लिटल लीग ही मुलांची बेसबॉल साखळी स्पर्धा सुरू केली, तेव्हा तिचे पहिले तीन संघ स्थानिक व्यावसायिकांच्या आश्रयावरच उभे राहिले, आणि त्या आश्रयदात्यांत एक दुग्धशाळा होती. क्रिकेटची बॅट आपल्याकडे घरोघरी सापडते. बेसबॉलचा हातमोजा मात्र विकतच आणावा लागतो, आणि डावखुरा मुलगा तो उजव्या हातात घालत असल्यामुळे त्याच्यासाठी निराळा घ्यावा लागतो. फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्या कॅचरचा मुखवटा, छातीचे व पायांचे कवच यांत काटकसर मुळीच करू नये, कारण सुमारे 145 ग्रॅम वजनाचा तो कठीण चेंडू थेट त्याच्याच अंगावर येतो. गणवेशावर पेढीचे नाव खुशाल छापावे (गणेशोत्सवाच्या मांडवात आपण दुसरे काय करतो?). मात्र एकरकमी देणगीपेक्षा दरवर्षी हंगामापूर्वी प्रशिक्षकाकडून यादी मागवून साहित्यच द्यावे.