अमेरिकेच्या प्रोजेक्टवर लेकीला पाठवू का?

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही खानापूर तालुक्यातले. धाकटी लेक मायक्रोबायॉलॉजीत एमएस्सी झाली, बेळगावात रिसर्च प्रोजेक्टवर नोकरी मिळतेय, त्यात अमेरिकेची युनिव्हर्सिटी आहे आणि आफ्रिकेतले देश पण आहेत म्हणे. हे म्हणतात, गोरे रक्त घेऊन जातात, नाव त्यांचं होतं आणि आपली पोरं नुसती सॅम्पल गोळा करत बसतात. आफ्रिकेत तरी अशा कामातनं काय उभं राहिलंय?

उत्तर : वहिनी, भावोजींची शंका खोटी नाही. १९७६ ला काँगोत, तेव्हाच्या झाईरमध्ये, यांबुकू गावाला इबोला या जीवघेण्या तापाची साथ आली. तिथं गेलेल्या काँगोच्याच डॉ. ज्याँ-जाक मुयेंबेंनी पेशंटचं रक्त काढलं, हातात ग्लोव्हज पण नव्हते, पुढं एका आजारी ननचं सॅम्पल थर्मासमधनं बेल्जियमला अँटवर्पला गेलं, व्हायरस तिथं सापडला, आणि कित्येक वर्षं त्या शोधाच्या गोष्टीत मुयेंबेंचं नाव कुणी घेतच नव्हतं. पण तेच मुयेंबे नंतर किन्शासातल्या संशोधन संस्थेचे प्रमुख झाले, १९९५ च्या साथीतनं वाचलेल्या माणसाच्या रक्तातल्या अँटीबॉडीवरनं, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या प्रथिनावरनं, अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेबरोबर औषध तयार झालं, त्याची ट्रायल काँगोतच झाली आणि २०२० ला अमेरिकेत मंजुरी पण मिळाली. इबोलाचे सॅम्पल आता देशातच राहायचे, हेही त्यांनीच ठरवलं. मला ह्याचं फार कौतुक वाटतं.

केनियात एल्डोरेटला मोई युनिव्हर्सिटी आणि अमेरिकेतली इंडियाना युनिव्हर्सिटी १९८९ पासनं एकत्र आहेत. वर्षाचा प्रोजेक्ट संपला की गाशा गुंडाळला असं नाही, म्हणून तिथं माणसं तयार झाली.

आणि आपलं बेळगाव काय कमी आहे काय? जेएनएमसी मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या मिसूरी युनिव्हर्सिटीबरोबर खेड्यातल्या १६२० बाळंतिणींवर रक्तस्राव कमी करणाऱ्या मिसोप्रोस्टॉल गोळीचा अभ्यास केला, गोळी देणाऱ्या आपल्या पीएचसीच्या सिस्टरच. बाळंतपणानंतर जास्त रक्त जाण्याचं प्रमाण १२ टक्क्यांवरनं ६.४ वर आलं, २००६ ला लॅन्सेट या नावाजलेल्या वैद्यकीय मासिकात छापून आलं. पुढं गरोदरपणातल्या ॲस्पिरिनच्या ट्रायलमध्ये बेळगावबरोबर केनिया, झांबिया, काँगो पण होते, म्हणजे तुमची लेक एल्डोरेटच्या एखाद्या पोरीसारखंच काम करणार की.

तेव्हा पाठवा, पण जॉइन व्हायच्या आधी तिला विचारायला सांगा, सॅम्पल कुठल्या फ्रीजरात राहणार, पेपरात तिचं नाव येणार काय, काम करता करता पीएचडीला रजिस्टर होता येईल काय. आणि पेशंटला रिपोर्ट कोण सांगणार, हे तर नक्की विचारू दे. मी लॅबमध्ये असताना एका प्रोजेक्टला आम्ही गावातनं रक्त गोळा करून दिलं होतं, रिपोर्ट परत आलेच नाहीत, त्या बायका बाजारात भेटल्या की अजून विचारतात, आमचं काय निघालं गं म्हणून.