दुपारी चारला पडणारा सर्व्हर

प्रश्न: मस्जिद बंदरला आमचा सुक्या मेव्याचा होलसेलचा धंदा आहे. गाळ्याच्या पोटमाळ्यावर सर्व्हर ठेवलाय, त्यावर टॅली, आठ जण बिलिंग करतात. महिनाभर झाला, दुपारी चारच्या आसपास निळी स्क्रीन येते, 'व्हिया अनकरेक्टेबल एरर' असं काहीतरी दिसतं आणि मशीन आपोआप रीस्टार्ट होतं. विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, कर्नल-पॉवर ४१ ही नोंद बघून यूपीएसवाल्याने नवा यूपीएस गळ्यात मारला, हार्डवेअरवाल्याने दोनदा विंडोज नव्याने टाकलं, तरी तेच. आता म्हणतो सीपीयू गेलाय, सर्व्हरच बदला. दिवाळीची गर्दी म्हणून १६ जीबीच्या दोन रॅम तेवढ्या वाढवल्या होत्या, बाकी कशालाच हात लावलेला नाही. काय करावं?

उत्तर: अहो, मग जिथे हात लावलाय तिथूनच सुरुवात करूया ना!

४१ म्हणजे मशीन नीट शटडाउन न होता पडलं, बस, का पडलं ते त्यात नसतं. ती एंट्री उघडा, डिटेल्समध्ये बगचेककोड बघा. तिथे ० असेल तर वीज, यूपीएस, पॉवर सप्लाय यांच्यावर संशय घ्यायला जागा आहे, पण तुमच्याकडे बहुतेक २९२ असणार आणि २९२ म्हणजेच हेक्समध्ये (कॉम्प्युटरच्या सोळाच्या मोजणीत) १२४, तुमच्या त्या निळ्या स्क्रीनचा कोड. म्हणजे यूपीएसचे पैसे उगाच गेले.

आता तिथेच व्हिया-लॉगरच्या एंट्र्या शोधा, व्हिया म्हणजे विंडोजची हार्डवेअरचे बिघाड नोंदवणारी यंत्रणा. १८ नंबर असेल तर त्यात 'प्रोसेसर कोअर' लिहिलेलं असतं, ते वाचूनच तुमचा माणूस सीपीयू गेला म्हणत असावा. पण सीपीयूचं नाव तिथे तक्रार नोंदवणारा म्हणून असतं हो, पंचनामा केला म्हणून हवालदार चोर ठरत नाही. ४७ नंबरच्या, मेमरीच्या दुरुस्त झालेल्या एररच्या एंट्र्या क्रॅशच्या आधी ढिगाने दिसल्या तर रॅमवर बोट ठेवा. दोनदा विंडोज नव्याने टाकलं म्हणजे दोनदा जुने लॉग पुसले गेले, याचा मला खरा राग आलाय. नशीब, सर्व्हरच्या बोर्डवर देखरेखीची वेगळी चिप असते, डेलमध्ये आयड्रॅक, एचपीत आयएलओ म्हणतात, तिचा स्वतःचा लॉग असतो, त्याला विंडोज गेलं काय नि आलं काय, फरक पडत नाही. त्यात बऱ्याचदा थेट स्लॉटचा नंबरच मिळतो, ए२ वगैरे, त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

चारच वाजता का? सकाळी दोघंतिघं असतात, सगळे आठ जण चढले की मेमरी जास्त भरते आणि खराब भागाला तेव्हा हात लागत असेल, शिवाय पत्र्याखालचा पोटमाळा त्या वेळी भट्टी झालेला असतो. तापमानही त्याच लॉगमध्ये दिसेल.

रात्री सगळ्यांना टॅलीतून बाहेर काढा, डेटा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा (रेड, म्हणजे अनेक डिस्क जोडून चालवायची सोय, आहे म्हणून हे टाळू नका, ते बॅकअप नव्हे). मग सर्व्हर बंद करून वायर काढा आणि नव्या दोन्ही रॅम उपसून ठेवा, आणि दोनतीन दिवस जुन्यावरच धंदा करा, थोडं स्लो चालेल. नाही पडला तर नव्यातली एकेक लावून बघा, एका वेळी एकच बदल. एरर आली की तीच रॅम दुसऱ्या स्लॉटला लावा: एरर रॅमबरोबर तिकडे गेली तर रॅम खराब, त्याच स्लॉटला चिकटून राहिली तर बोर्ड नाहीतर सीपीयूची मेमरी कंट्रोलरची बाजू, तेव्हा खर्चाचं बोलू. रात्रभर मेमटेस्ट लावा म्हणून कोणी सांगेल, लावा, पण ईसीसी रॅम एका बिटची चूक स्वतःच सुधारते त्यामुळे टेस्ट पास दिसली तरी लॉग बघायचाच.

आणि रॅमचे पिवळे पॉइंट खोडरबरने घासायची आपली जुनी सवय सोडा, त्याचा कचरा स्लॉटमध्ये पडतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लिंट न सुटणारा कपडा बास.

रॅमच निघाली तर बिल आणि त्या लॉगचा फोटो घेऊन दुकानात जा, वॉरंटीत बदलून मागा. "विंडोजचा प्रॉब्लेम असेल" असं सुरू झालं की फोटो पुढे करायचा.