मार कमी झाला म्हणून धोका कमी होत नाही

तुमचा प्रश्न असा: मैत्रिणीचा नवरा क्वचितच हात उचलतो, एकदा रागात गळा धरला होता, आता ती घर सोडायचं म्हणतेय, तर धोका कितपत धरायचा? माझ्या मते बराच.

मला सगळ्यात जास्त खटकतंय ते गळा धरणं. मानेवर बऱ्याचदा वळही उठत नाही, म्हणून बघणारे आणि ती स्वतःही ते हलक्यात घेते. पण अमेरिकेत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जोडीदाराने आधी गळा आवळलेल्या बायकांचा पुढे त्याच्याच हातून खून होण्याची शक्यता सातपटीहून जास्त दिसली. तिला थेट विचारा: तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली होती का? आवाज बसला, गिळताना दुखलं, नकळत लघवी झाली? अलीकडची गोष्ट असेल तर आजच डॉक्टरकडे न्या. मानेतली रक्तवाहिनी दुखावली असेल तर काही दिवसांनीही पक्षाघाताचा झटका येऊ शकतो.

जॅकलिन कॅम्पबेल या मूळच्या परिचारिका. जोडीदाराकडून बाईच्या जिवाला किती धोका आहे हे उत्तरांना गुण देऊन जोखणारी प्रश्नावली त्यांनी १९८०च्या दशकात तयार केली. तिच्यात प्रश्नांच्याही आधी कॅलेंडर भरायचं असतं: गेल्या वर्षभरात कधी, काय आणि किती झालं. मला हा भाग गुणांपेक्षा मोलाचा वाटतो. 'क्वचित' म्हणणारी बाई तारखा लिहायला बसली की दोन प्रसंगांतलं अंतर कमी होत गेलेलं तिचं तिलाच दिसतं. मग बाकीचं विचारा: हत्यार हाताशी आहे का, जिवे मारीन किंवा स्वतःचं बरंवाईट करीन म्हणतो का, पाळत ठेवतो का, गरोदरपणात मारलं होतं का, शरीरसंबंधाची जबरदस्ती करतो का. पैसे, फोन, माहेरी जाणं सगळं त्याच्या परवानगीने चालत असेल, तर मार नसूनही मी ते गंभीरच धरते.

ती म्हणाली 'मला मारून टाकेल', तर विश्वास ठेवा. 'तो एवढ्या थराला जाणार नाही' म्हणाली, तर मात्र निर्धास्त होऊ नका. मरता मरता वाचलेल्या कितीतरी बायकांना आधी तसंच वाटलं होतं. गुण कमी आले तरी हेच.

आणि घर सोडतेय हे त्याला आधी कळता कामा नये. ताबा सुटतोय हे कळल्यावरचे दिवस सगळ्यात वाईट असतात. समजावायला तुम्ही त्याच्याकडे जाऊ नका. तिच्या फोनवर यातलं काही पाठवू नका, तो बघत असेल असंच धरून चला. ती एकटी भेटेल तेव्हा बोला, आणि निघायचा दिवस ठरवण्याआधी पीडित महिलांसाठी काम करणाऱ्या एखाद्या संस्थेतल्या अनुभवी समुपदेशकाशी तिची गाठ घालून द्या.